भावाच्या सुपाऱ्या आणि कपाटातला पाम

प्रश्न : माझा धाकटा भाऊ जादूचे प्रयोग आणि बोलक्या बाहुल्यांचे कार्यक्रम करतो. शाळा, वाढदिवस, सोसायट्यांचे गणपती, अधूनमधून एखाद्या कंपनीचा फॅमिली डे. फोन घेणं, तारखा देणं, पैशांचं बोलणं हे सगळं आता माझ्याकडे आहे. नोंदी मात्र तीन ठिकाणी : भिंतीवरचं कॅलेंडर, व्हॉट्सॲप आणि त्याचं डोकं. मागच्या गणपतीत एकाच संध्याकाळी वाकड आणि बिबवेवाडी अशा दोन सोसायट्यांना आम्ही 'हो' म्हणून बसलो होतो. फोनवर कॅलेंडर उघडलं की मध्येच दुसरा कॉल येतो आणि नोंद अर्धवट राहते. कपाट आवरताना बाबांचा जुना पाम झायर 72, म्हणजे नोंदी, तारखा आणि पत्ते ठेवायचा खिशातला छोटा संगणक, सापडला. चार्ज केला, चालतो. तो फक्त बुकिंगसाठी वापरला तर चालेल का? चालत असेल तर नोंदी कशा मांडू? — एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : चालेल. तारखा देणारी व्यक्ती एकच असेल तर नक्की चालेल. भाऊ प्रयोगानंतर प्रेक्षकांतल्या कुणाला 'या ना, रविवारी मोकळा आहे' असं सांगून येत असेल, तर पाम काय आणि फोन काय, काहीच उपयोगी पडणार नाही. त्यानं फक्त तुमचा नंबर द्यायचा आणि 'तारीख ताईच सांगेल' एवढंच बोलायचं. हे आधी त्याच्याकडून कबूल करून घ्या, मग पुढचं वाचा. तुम्हा दोघांनाही तारखा द्यायच्याच असतील तर पाम परत कपाटात ठेवा आणि फोनवर दोघांचं सामायिक कॅलेंडर करा. झायर आजच्या फोनच्या कॅलेंडरशी सहजी जुळत नाही आणि त्यासाठी खटपट करण्यात अर्थ नाही.

सुरुवात यंत्राच्या तब्येतीपासून. झायर 72 हे 2004 चं मॉडेल. आतली बॅटरी लिथियमची, कायमची बसवलेली आणि आता विशी ओलांडलेली. यंत्र सपाट टेबलावर पालथं ठेवा. डुगडुगत असेल, पाठ फुगलेली वाटत असेल किंवा पडद्याची कड उचललेली असेल, तर ते चार्जही करू नका. निळ्या मॉडेलचा रंग पोपडे धरून निघतो, त्याची काळजी नको. तो पहिल्यापासूनच तसा निघायचा.

फुगवटा नसेल तरी एक गोष्ट लक्षात ठेवाच. या मॉडेलमध्ये नोंदी अशा मेमरीत असतात जिला सतत वीज लागते. बॅटरी पूर्ण उतरली की सगळ्या नोंदी जातात, आणि पुन्हा चार्ज केल्यावर यंत्र नवंकोरं होऊन उठतं. पामच्याच 2005 च्या टंगस्टन ई2 या मॉडेलमध्ये ही अडचण नाही, झायर 72 मध्ये आहे. म्हणून रोज रात्री चार्जिंगला लावायचा. दोन दिवस प्रवासाला गेलात तर चार्जर सोबत. आणि नोंदींची एक प्रत यंत्राबाहेर असलीच पाहिजे. ती कशी ठेवायची ते पुढे येतं.

आता सेटिंग्ज. पहिली नोंद करण्याआधी 'प्रेफ्स'मध्ये जाऊन 'फॉरमॅट्स' उघडा. तिथे अमेरिकी पद्धत असेल तर तारीख आधी महिना आणि मग दिवस अशी दिसते, म्हणजे 9/7 हा 7 सप्टेंबर. आपण तो 9 जुलै वाचतो, आणि बारा तारखेपर्यंत दोन्ही वाचनं खरी वाटत असल्यानं चूक ध्यानातही येत नाही. यादीतून युनायटेड किंगडम निवडा, दिवस आधी येईल. वेळ 24 तासांची करा. सकाळी साडेआठचा शाळेचा प्रयोग रात्री साडेआठला नोंदवला जाणं ही अगदी नेहमीची चूक आहे आणि ती या एका बदलानं संपते. आठवडा सोमवारपासून सुरू करा, म्हणजे शनिवार-रविवार शेजारी शेजारी दिसतील. तुमचा निम्मा धंदा त्या दोन चौकोनांत आहे. मग 'डिजिटायझर' उघडून पडदा जुळवून घ्या. जुन्या पडद्यावर पामच्या लेखणीचं टोक एका जागी टेकतं आणि यंत्र शेजारची जागा धरतं, तेवढ्यात सातचे आठ होतात.

मराठी मात्र यात नाही. देवनागरी दिसत नाही, लिहिता येत नाही. सगळं इंग्रजी अक्षरांत लिहावं लागेल. मग कोथरूड, धनकवडी, बिबवेवाडी यांची स्पेलिंगं ठरवून टाका आणि 'मेमोज'मध्ये एका पानावर लिहून ठेवा. कारण पामचा शोध शब्दाच्या सुरुवातीपासूनच जुळवतो. 'वाडी' शोधलंत तर बिबवेवाडी सापडणार नाही, आणि आज एक स्पेलिंग, उद्या दुसरं असं झालं तर निम्म्या नोंदी गायब झाल्यासारख्या वाटतील.

वाकड-बिबवेवाडीचा घोटाळा नोंद तीन ठिकाणी असल्यामुळे झाला, हे खरं. पण तुम्ही सगळं एका जागी आणलंत तरी दुसरा घोटाळा शिल्लक राहतो. बहुतेक लोक कार्यक्रमाची वेळ लिहितात : 19:30 ते 20:30. मग दुपारी 16:00 चा वाढदिवस सहज बसेल असं वाटतं. तो बसत नाही. नोंद घरातून पेटी उचलल्यापासून घरी पेटी ठेवेपर्यंतची करायची.

वाकडच्या सोसायटीचा साडेसातचा प्रयोग घेऊ. नारायण पेठेतून गाडीत सामान भरून विद्यापीठ चौकमार्गे औंध, मग वाकड. कामाच्या दिवशी संध्याकाळी सव्वा ते दीड तास धरा. गेटवर नाव लिहा, गाडी कुठे लावायची ते विचारा, सामान लिफ्टनं न्या : पंधरा मिनिटं. टेबल, पडदा, बाहुलीची पेटी, माइक आणि स्पीकरची चाचणी : पाऊण तास. म्हणजे 17:00 ला घर सोडायचं. साडेसात म्हणजे साडेसात नव्हे, हे वेगळं सांगायला नको. आधी आरती, मग प्रसाद, मग अध्यक्षांचे दोन शब्द. आठला सुरू, नऊला संपणार. मुलं बाहुलीला हात लावायला येणार, कमिटीबरोबर फोटो होणार. आवरायला अर्धा तास, परतायला तासभर. घरी पोचायला पावणेअकरा. पामच्या कॅलेंडरात ही नोंद 17:00 ते 22:45 अशीच जायला हवी. खरी सुरुवातीची वेळ मजकुरात लिहायची : आधी भागाचं नाव, मग 'शो 1930'. ठिकाणासाठी वेगळी जागा असते, तिथे सोसायटीचं नाव आणि विंग.

दुसरी नोंद तिच्यावर चढली तर यंत्र ओरडणार नाही. 'आधीच बुकिंग आहे' असा इशारा पाम देत नाही. दिवसाच्या पानावर डावीकडे वेळेचे पट्टे असतात, दोन नोंदी एकमेकींवर आल्या की दोन पट्टे शेजारी शेजारी दिसतात, एवढीच खूण. हे पट्टे 'डिस्प्ले ऑप्शन्स'मधून चालू असल्याची खात्री करा. नवी तारीख देण्याआधी महिन्याचं पान न बघता त्या दिवसाचं पान उघडून बघायचं, ही सवय लावून घ्या. महिन्याच्या पानावर दिवसभरात काहीतरी आहे एवढंच कळतं.

त्यानंतर तारखेची अवस्था. एकाच संध्याकाळी दोघांना 'हो' जाण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं : समोरच्यानं विचारलं, आपण 'बघते, ठेवते' म्हटलं, त्यानं ते पक्कं धरलं. कॅलेंडरात तीन कॅटेगरी करा आणि प्रत्येकीला ठळक वेगळा रंग द्या. विचारलेली, धरलेली, पक्की. विचारलेली तारीख वेळ न घालता टाका, ती दिवसाच्या माथ्यावर दिसते. धरलेली म्हणजे त्यांना आपण मुदत दिली आहे. एरवी तीन दिवस, गणपतीच्या हंगामात चोवीस तास, त्याहून जास्त नाही. पक्की म्हणजे ॲडव्हान्स खात्यात आला. 'कमिटीत पास झालंय' म्हणजे पक्की नव्हे, 'अध्यक्षांनी सांगितलंय' म्हणजेही नव्हे. वाईट दिसेल म्हणून संकोच करू नका. किमान तिसरा हिस्सा आगाऊ मागणं ही या धंद्यातली साधी रीत आहे आणि ज्याला कार्यक्रम खरंच करायचा आहे तो कुरकुरत का होईना, पण देतो.

यात एक खाच आहे. बिनवेळेच्या नोंदी महिन्याच्या पानावर दिसतीलच असं नाही, 'डिस्प्ले ऑप्शन्स'मध्ये त्यांच्यासमोर खूण करावी लागते. ती केली नाहीत तर विचारलेल्या तारखा मोकळ्या दिसतील. दुसरं, बिनवेळेच्या नोंदीला लावलेला गजर त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून मागे मोजला जातो आणि तो आवाज न करता नुसता संदेश दाखवतो. म्हणून मुदतीची आठवण 'टास्क्स'मध्ये लावा : 'वाकड, ॲडव्हान्स नाही आला तर सोडायची', मुदतीच्या दिवशी दुपारी बाराचा गजर. मुदत संपली की आधी त्यांना एक मेसेज करा, मगच नोंद पुसा. न सांगता पुसलेल्या तारखेवरून सर्वांत जास्त भांडणं होतात.

पक्क्या सुपारीच्या नोंदीला एकच गजर लावता येतो, तो निघण्याच्या एक तास आधीचा ठेवा. बाकीचं 'टास्क्स'कडे. सात दिवस आधी : जागा, वीज, माइक यांचा फोन. एक दिवस आधी : गाडी आत येईल का, गेटवर नाव दिलं का, उरलेले पैसे कुणाकडून घ्यायचे. तिसरं काम प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीचं, उरलेली रक्कम आली का ते बघण्याचं. कंपनीचा कार्यक्रम असेल तर हे काम महिनाभर पुढचं लावा आणि टीडीएस किती कापला ते नोंदवा, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये हिशेब जुळता जुळत नाही.

प्रत्येक नोंदीला एक टिपण जोडता येतं. बोलणं काय झालं ते तिथे जाऊ द्या. झायरवर यासाठी एक फार सोयीची गोष्ट आहे. लिहायच्या पट्टीत शॉर्टकटची खूण काढायची, म्हणजे जोडून लिहिलेल्या इंग्रजी एलसारखा फास, आणि पुढे डी, टी, एस ही अक्षरं लिहायची. त्या क्षणाची तारीख आणि वेळ आपोआप उमटते. प्रत्येक फोननंतर आधी हे, मग एक ओळ : कुणाशी बोलणं झालं, किती ठरले, काय कबूल केलं. 'तुम्ही जेवण धरून सांगितलं होतं' असं कुणी प्रयोगाच्या रात्री म्हणालं तर भाऊ वाद न घालता तुम्हाला फोन करील आणि तुम्ही तारीख-वेळेसकट वाचून दाखवाल. रक्कमही इथेच : एकूण, आलेली, उरलेली, यूपीआय व्यवहाराचे शेवटचे चार आकडे.

पैशांचे आकडे घरी कुणाला दिसू नयेत म्हणून नोंद 'प्रायव्हेट' करण्याचा मोह होतो. करा, पण मग 'सिक्युरिटी'मध्ये 'मास्क' निवडा, 'हाइड' कधीच नको. 'हाइड' केलं की ती नोंद कॅलेंडरातून पूर्ण नाहीशी दिसते, पक्की तारीख मोकळी वाटते आणि तुम्ही ती दुसऱ्याला देऊन टाकता. 'मास्क' केल्यावर करडी पट्टी तरी उरते. पासवर्ड विसरलात तर नवा करताना सगळ्या प्रायव्हेट नोंदी पुसल्या जातात, हेही ध्यानात असू द्या. घरात बघणारं कुणी नसेल तर या भानगडीत पडूच नका.

'कॉन्टॅक्ट्स'मध्ये काही रकाने आपल्याला हवी ती नावं देऊन वापरता येतात. जादूगाराच्या कामासाठी त्यातले चार पुरे : मोकळी जागा किती फूट बाय किती, प्रेक्षक बाजूनं किंवा मागून बसतात का, प्लग पॉइंट कुठे, लिफ्ट आहे का. दुसरा रकाना लोक कमी लेखतात. क्लबहाउसमध्ये मुलं अर्धगोलात बसली तर निम्मे प्रयोग करताच येत नाहीत, आणि हे भावाला तिथे पोचल्यावर कळून काही फायदा नाही. त्याच सोसायटीचा पुढच्या वर्षी फोन आला की नाव शोधताच सगळं समोर. गेल्या वेळी कोणता कार्यक्रम केला होता तेही लिहा. तीच पोरं तीच जादू दुसऱ्यांदा बघताना रबरी कबूतर कुठून निघतं ते मोठ्यानं सांगतात.

सणांचं थोडं वेगळं आहे, आणि इथे यंत्र तुम्हाला सरळ फसवेल. गणेश चतुर्थीची नोंद 'दर वर्षी' अशी पुनरावृत्तीत टाकू नका. पाम इंग्रजी तारखा मोजतो, तिथी नाही. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यानं ती पुढे सरकून 14 सप्टेंबरला येते. नवरात्र, कोजागरी, दिवाळी, तिथीची शिवजयंती यांचंही तसंच. नवं पंचांग आलं की एका बैठकीत वर्षभराचे सण हातानं टाका. 19 फेब्रुवारीची शिवजयंती, 26 जानेवारी, बालदिन हे तेवढे पुनरावृत्तीत चालतील.

आणि 2026 चा गणपती तर नीट मांडूनच बघा. चतुर्थी सोमवारी, अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला शुक्रवारी. मधे एकच शनिवार-रविवार येतो, 19 आणि 20 सप्टेंबर. सगळ्या सोसायट्या हेच दोन दिवस मागणार. म्हणून फोनवर पहिला प्रश्न 'गणपती किती दिवसांचा?' हा विचारा. पाच दिवसांचा असेल तर त्यांचं विसर्जन 18 ला, त्यांना 19-20 लागतच नाही, मंगळवार-बुधवार-गुरुवारपैकी एक घ्या म्हणून सांगा. सात दिवसांवाल्यांचं 20 ला संध्याकाळी विसर्जन, त्यांना फक्त 19 देता येईल. 20 ची संध्याकाळ दहा दिवसांवाल्यांसाठी राखून ठेवा. एवढं विचारलंत तरी अर्ध्या मागण्या आपोआप पसरतात. शेवटचे दिवस पेठांतले रस्ते संध्याकाळी वाहनांना बंद असतात, आणि तुम्ही स्वतः नारायण पेठेत राहता : सामान घेऊन गाडी बाहेर काढायची तर दुपारीच निघावं लागेल, नोंद तितकी लांब करा. विसर्जनाच्या दिवशी काहीच घेऊ नका. ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद, सवलतीचे दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. 'साडेनऊला सुरू करू' म्हणणाऱ्या मंडळाला हे आधीच सांगितलेलं बरं.

प्रत ठेवण्याचं आता. सर्वांत भरवशाची प्रत म्हणजे संगणकावरची, हॉटसिंक करून, म्हणजे पाम केबलनं जोडून नोंदी संगणकावर उतरवून. पण 64 बिट विंडोजसाठी कंपनीनं यूएसबी केबलचा ड्रायव्हर दिलाच नाही, त्यामुळे आजच्या लॅपटॉपला लावलात तर काहीच घडणार नाही आणि यंत्रच बिघडलंय असं वाटेल. घरात जुना विंडोज एक्सपीचा संगणक पडला असेल तर त्यावर पाम डेस्कटॉप हा पामचा संगणकावरचा प्रोग्रॅम टाका. केबल साधी मिनी यूएसबी, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना लागायची तीच. घरात नसेल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. तिथे केबल सापडते, चार्जर मात्र पिन जुळवून आणि व्होल्टेज वाचूनच घ्या.

संगणक नसेल तर वरच्या खाचेत एसडी कार्ड बसतं. साधं, 1 जीबीपर्यंतचं घ्या. एसडीएचसी लिहिलेलं मोठं कार्ड यात चालत नाही. कार्डावर पूर्ण प्रत घेणारा एखादा छोटा प्रोग्रॅम पामवर टाकावा लागेल आणि तो टाकायलाही एकदा जुना संगणक लागतोच. तेही जमणार नसेल तर दर रविवारी रात्री पुढच्या दोन महिन्यांच्या पक्क्या आणि धरलेल्या तारखा एका वहीत उतरवा आणि पानाचा फोटो भावाला पाठवा. ओबडधोबड वाटेल, पण यंत्र पुसलं गेलं तर तासाभरात सगळं परत उभं करता येतं, आणि भावाकडेही यादी राहते.

यंत्र अडकलं तर पाठीमागच्या छिद्रात बारीक टोक घालून रीसेट करा, नोंदी राहतात. त्या वेळी पॉवरचं बटण मात्र दाबून धरू नका. दोन्ही एकत्र झालं की सगळं पुसायचं का असं विचारणारा पडदा येतो आणि घाईत भलतंच बटण दाबलं जातं. 'पर्ज' नावाची आज्ञाही जुन्या नोंदी काढून टाकते. संगणकाशी जोडणी नसेल तर आयकराचं विवरणपत्र भरून होईपर्यंत ती वापरू नका.

कॅलेंडर 31 डिसेंबर 2031 ला संपतं, त्यापुढची तारीख तो घेत नाही. तोवर ही बॅटरी टिकेल अशी आशा धरू नका. पूर्ण चार्ज करूनही यंत्र एका दिवसात निम्म्याच्या खाली यायला लागलं की त्या आठवड्यात सगळं फोनवर हलवा. संपर्क पाम डेस्कटॉपमधून व्हीकार्ड (फोनला वाचता येणारी संपर्कांची फाइल) करून नेता येतात, तारखा हातानं टाकाव्या लागतील. फोनवर गेल्यावरही तीन कॅटेगरी आणि घर ते घर ही नोंद तशीच ठेवा. आणि मध्येच येणाऱ्या कॉलचं म्हणाल तर नोंद करेपर्यंत फोन विमान मोडवर टाका. ज्याला तारीख हवी आहे तो पाच मिनिटांनी पुन्हा लावतोच.